खुर्ची तीच, परवाना वेगळा

अमेरिकेत डेंटल हायजिनिस्ट झालेल्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न ऐकावा लागतोच : मग डेंटिस्ट का नाही झालात? विचारणाऱ्याने गृहीत धरलेले असते की हायजिनिस्ट म्हणजे डेंटिस्ट होता होता राहिलेला माणूस. आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याची वेळही येत नाही, कारण असा कुणी वेगळा व्यावसायिक असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसते. दात साफ करतात ते ‘डॉक्टर’ आणि तोंडातली थुंकी ओढणारी नळी धरते ती ‘सिस्टर’, एवढ्यावर आपले भागते. पण जगातल्या अनेक देशांत हा परवानाधारक, प्रतिष्ठित आणि बऱ्यापैकी पैसे मिळवून देणारा व्यवसाय आहे, आणि डेंटिस्ट होण्याची कुवत असलेली मुलेमुलीही तो समजून-उमजून निवडतात. ही निवड शहाणपणाची की घाट्याची, याचे उत्तर बहुतेक जण स्वभावात शोधतात : जबाबदारी नको असेल तर हायजिनिस्ट, महत्त्वाकांक्षा असेल तर डेंटिस्ट. मला ही मांडणीच चुकीची वाटते. माणूस तोच आणि काम तेच असूनही ही निवड एका देशात फायद्याची आणि दुसऱ्यात फसवी ठरते. तिचा निकाल स्वभावावर कमी आणि त्या देशाचा कायदा हायजिनिस्टला काय करू देतो, तिच्या कामाचे पैसे कोण भरतो, यावर जास्त लागतो.

या व्यवसायाचा उगमच याची साक्ष देतो. कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात आल्फ्रेड फोन्स नावाचे डेंटिस्ट होते. दात किडल्यावर भरत बसण्यापेक्षा ते किडूच नयेत यासाठी वेळ द्यावा, असे त्यांचे मत होते. मात्र डेंटिस्टचा महागडा वेळ त्यासाठी परवडणारा नव्हता. म्हणून 1906 मध्ये त्यांनी आपल्या दवाखान्यात मदतनीस असलेल्या आयरीन न्यूमन या चुलतबहिणीला दातांवरचे कीटण काढायला शिकवले. 1913 मध्ये स्वतःच्या गॅरेजमध्ये वर्ग सुरू केला, आणि त्यातून शिकून निघालेल्या स्त्रियांपैकी अनेकींना ब्रिजपोर्टच्या सार्वजनिक शाळांत मुलांचे दात साफ करण्याचे व त्यांना दात घासायला शिकवण्याचे काम मिळाले. 1917 मध्ये न्यूमनबाईंना राज्याचा परवाना मिळाला. जगातल्या त्या पहिल्या परवानाधारक हायजिनिस्ट. म्हणजे हा व्यवसाय जन्मला तो सार्वजनिक आरोग्याच्या पोटी, डेंटिस्टच्या पदवीत नापास झालेल्यांची सोय म्हणून नव्हे. पण जन्मतःच त्याला दोन अटी चिकटल्या. हे काम बायकांचे, आणि ते डेंटिस्टच्या देखरेखीखालीच करायचे. पहिली अट कागदावरून कधीच गेली, तरी अमेरिकेत आजही दहातल्या नऊहून अधिक हायजिनिस्ट स्त्रियाच आहेत. दुसऱ्या अटीशी चाललेले भांडण शंभर वर्षांनंतरही मिटलेले नाही.

भांडण कशाचे हे समजायचे तर हायजिनिस्ट नेमके काय करते ते जवळून पाहायला हवे, कारण ‘दात साफ करणे’ या दोन शब्दांत ते मावत नाही. रुग्ण खुर्चीत बसला की आधी त्याचे आजार आणि औषधे विचारली जातात : रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, मधुमेह, गरोदरपण. मग जिभेच्या कडा, गालांची आतली बाजू, टाळू आणि गळ्याच्या गाठी तपासल्या जातात. तोंडाच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदा याच पाच मिनिटांत सापडते. त्यानंतर मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट टोकाची सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हिरडीत हलकेच सरकवायची आणि खोली नोंदवायची. अठ्ठावीस दात असतील तर 168 आकडे होतात. तीनपर्यंत ठीक, चार-पाच म्हणजे हिरडी दातापासून सुटू लागली आहे, आणि सळई काढताच रक्त आले तर तिथे सूज आहे. खरे कौशल्य यापुढे लागते. खालच्या पुढच्या दातांच्या मागे, लाळेच्या नळ्या जिथे उघडतात तिथे साचलेले कीटण आरशात सहज दिसते; हिरडीखाली मुळाला धरून बसलेले दिसत नाही. ते बोटांना जाणवावे लागते, आणि मुळाला इजा न होता वाकड्या पात्याच्या हत्याराने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने खरवडून काढावे लागते. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत भूल देण्याचे इंजेक्शनही हायजिनिस्ट देऊ शकते. हिरड्यांच्या या कामापुरते बोलायचे तर तिचा हात नव्या डेंटिस्टपेक्षा जास्त बसलेला असतो, कारण डेंटिस्टचे शिक्षण दात भरणे, रूट कॅनॉल, कवळ्या, शस्त्रक्रिया यांत वाटले गेलेले असते आणि हिचे सगळे याच एका गोष्टीत मुरलेले असते. हायजिनिस्टकडून होणारे उपचार दुय्यम दर्जाचे, हा आक्षेप म्हणूनच टिकत नाही.

आता पैशांकडे वळू, कारण निवड करणारा घरी बसून पहिला हिशेब हाच मांडतो. अमेरिकी कामगार सांख्यिकी विभागाच्या मे 2024 च्या आकड्यांनुसार हायजिनिस्टचे मध्यक वार्षिक वेतन 94,260 डॉलर आहे, आणि डेंटिस्टचे सुमारे 1 लाख 79 हजार. दुप्पट नाही, पण जवळपास. हायजिनिस्टचे शिक्षण बारावीनंतर साधारण तीन वर्षांत आटोपते. डेंटिस्टला चार वर्षांची पदवी आणि वर चार वर्षांचे डेंटल स्कूल अशी आठ वर्षे लागतात, आणि कर्ज काढून शिकणाऱ्याच्या डोक्यावर बाहेर पडताना सरासरी तीन लाख डॉलरच्या आसपास बोजा असतो. हायजिनिस्ट त्या आधी चार-पाच वर्षे कमावू लागलेली असते. सुरुवातीचा पगार बेताचा धरला तरी तिच्या हाती तोवर साडेतीन लाख डॉलर आलेले असतात. म्हणजे डेंटिस्ट पहिल्या दिवशी कामाला लागतो तेव्हा तो साडेसहा लाख डॉलरनी मागे असतो. दोघांच्या पगारातला फरक वर्षाला 85 हजार, कर वजा जाता साठ हजार धरा. व्याज जमेस धरले तर डेंटिस्टला बरोबरी साधायला चाळिशी गाठावी लागते. तिथून पुढे तो निघून जातो आणि आयुष्यभराच्या बेरजेत जिंकतो, हे मान्य करायला हवे. पण पंचविशी ते पस्तिशी, म्हणजे घर घेण्याची आणि मुले होण्याची वर्षे, ती हायजिनिस्टची असतात.

या हिशेबात एक खोच आहे, आणि भरतीच्या माहितीपत्रकांत ती कधी लिहीत नाहीत. सरकारी वार्षिक आकडा काढताना ताशी दराला 2080 तासांनी गुणतात, म्हणजे वर्षभर आठवड्याला चाळीस तास काम केले असे धरतात. प्रत्यक्षात पुष्कळ हायजिनिस्ट तीन किंवा चार दिवसच काम करतात. काही आपल्या मर्जीने, काही दवाखान्याला तेवढीच गरज असते म्हणून. रुग्ण आला नाही तर काही ठिकाणी तिला घरी पाठवतात आणि तो तास बुडतो. आरोग्य विमा आणि भरपगारी रजा सगळीकडे मिळतेच असे नाही, आणि आरोग्य विम्याविना अमेरिकेत राहणे म्हणजे काय हे तिथे राहणाऱ्यांना सांगायला नको. ताशी पंचेचाळीस डॉलर हा दर खरा आहे. चौऱ्याण्णव हजार हे उत्पन्न बहुतेकींच्या बाबतीत कागदावरच राहते. उलट डेंटिस्टच्या आकड्यात स्वतःच्या नावावर धंदा चालवणारे धरलेले नाहीत. दोन्ही बाजूंची ही दुरुस्ती केली तर फरक वाढतो. तरीही मुद्दा कायम राहतो, कारण हायजिनिस्टच्या वाट्याला कर्ज, कर्मचारी, भाडे, विमा कंपन्यांशी हुज्जत आणि रात्री येणारे फोन यांतले काहीच येत नाही. आठवड्यातले तीन दिवस काम करून नीट जगता येईल आणि मुलांसाठी पाच वर्षे थांबून पुन्हा त्याच दराने परतता येईल, अशी कामे जगात फार नाहीत.

सगळ्यात गंभीर आक्षेप मात्र पैशांविषयी नाही, तो कामाच्या उपयोगाविषयी आहे. निरोगी, नियमित तपासणीला येणाऱ्या प्रौढांचे दात दर सहा किंवा बारा महिन्यांनी साफ केल्याने दोन-तीन वर्षांच्या काळात हिरड्यांच्या सुजेत जवळजवळ काहीच फरक पडत नाही, असा निष्कर्ष उपलब्ध संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्याने काढला. ज्या कामावर अख्खा व्यवसाय उभा आहे तेच फोल असेल, तर तो निवडायचा कशाला? आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. पण तो कुणाविषयी आहे ते पाहा : ज्यांना हिरड्यांचा गंभीर आजार नाही आणि ज्यांना डेंटिस्ट आधीच सहज भेटतो त्यांच्याविषयी. ज्यांच्या हिरड्या सुटू लागल्या आहेत, किंवा ज्यांना साफसफाईबरोबर निगा राखायलाही शिकवले जाते, त्यांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. स्वीडनमधल्या कार्लस्टाड शहरात 1972 मध्ये सुरू झालेल्या एका प्रयोगात लोकांना ठरावीक अंतराने बोलावून त्यांचे दात साफ केले गेले आणि स्वतःच्या तोंडाची निगा कशी राखायची हे पुन्हा पुन्हा शिकवले गेले. ही सत्रे हायजिनिस्टनी घेतली. तीस वर्षांनंतर त्या लोकांचे सरासरी गळालेले दात वयोगटाप्रमाणे माणशी अर्ध्यापासून दोनपर्यंत होते. मधुमेह्यांच्या हिरड्यांवर उपचार केल्यास रक्तातली साखरही थोडी उतरते, हे 2022 च्या दुसऱ्या एका कॉक्रेन आढाव्यात दिसले. थोडक्यात, खरवडणे हे या कामाचे निम्मे अंग, आणि तेही चुकीच्या माणसावर वाया जाणारे. उरलेले निम्मे शिकवण्याचे आणि धोका हेरण्याचे. अमेरिकेतली व्यवस्था मात्र पैसे खरवडण्याचेच देते. तिथला दातांचा विमा बहुधा वर्षातून दोन वेळा साफसफाईचा खर्च उचलतो, म्हणून वेळापत्रक सहा महिन्यांचे. वैद्यकशास्त्राने ते ठरवलेले नाही. हायजिनिस्टचा पगारही या विम्याच्या कलमावरच उभा आहे.

इथून गोष्ट कायद्यावर येते. हायजिनिस्टला कौशल्य आहे आणि गरजही आहे. मग ती थेट शाळेत, वृद्धाश्रमात, खेड्यात का जात नाही? कारण अनेक ठिकाणी आधी डेंटिस्टने रुग्ण पाहिल्याशिवाय तिला हात लावता येत नसे. साउथ कॅरोलायनाची कथा बोलकी आहे. तिथल्या विधिमंडळाने 2000 साली शाळांमधल्या मुलांसाठी ही अट काढली. दंतव्यवसायाचे नियम ठरवणाऱ्या, डेंटिस्टांचे वर्चस्व असलेल्या राज्य मंडळाने पुढच्याच वर्षी नियम करून ती परत आणली. शेवटी केंद्रीय व्यापार आयोगाला मंडळावर स्पर्धा रोखल्याचा ठपका ठेवावा लागला आणि 2007 मध्ये तडजोड झाली. मधल्या काळात ज्या गरीब मुलांचे दात तपासायचे राहिले त्यांना ना मंडळाशी देणेघेणे होते ना आयोगाशी. कोलोरॅडोसारख्या राज्यांनी 1980 च्या दशकातच हायजिनिस्टला स्वतंत्र व्यवसायाची मुभा दिली होती. आज चाळीसहून अधिक राज्यांत काही ना काही स्वरूपात ती रुग्णाला थेट भेटू शकते, पण कुठे फक्त शाळेत, कुठे फक्त वृद्धाश्रमात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओमध्ये 2007 पासून ती स्वतःच्या जबाबदारीवर काम सुरू करू शकते, आणि 2024 मध्ये सुरू झालेल्या कॅनडाच्या राष्ट्रीय दंतयोजनेत स्वतंत्र हायजिनिस्टला परस्पर पैसे मिळतात. इंग्लंडने 2013 मध्ये डेंटिस्टच्या चिठ्ठीची अट काढली. नेदरलँड्समध्ये हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे आणि रुग्ण 2006 पासून थेट येतो. एकाच नावाचा व्यवसाय, पण एके ठिकाणी स्वतःची पाटी लावता येते आणि दुसऱ्या ठिकाणी आयुष्यभर दुसऱ्याच्या दवाखान्यात नोकरी. ‘या व्यवसायात पुढे वाढ नाही’ ही तक्रार खरी आहे की नाही, हे तुम्ही नकाशात कुठे उभे आहात त्यावर आहे.

शरीराची झीज हा विषय थोडक्यात संपवतो, कारण त्यात वाद नाही. मान एका बाजूला झुकवून, मनगट वाकवून, चिमटीत बारीक हत्यार धरून दिवसाला आठ-दहा तोंडे करायची, हे वर्षानुवर्षे केले की मान, खांदे आणि मनगट कुरकुरू लागतात. डेंटिस्टलाही तो त्रास होतो, पण त्याचे काम निदान बदलत राहते. एकसुरीपणाचा आरोपही त्याच पठडीतला. ज्याला दर तासाला नवे कोडे हवे त्याने या वाटेला जाऊ नये. ज्याला दर सहा महिन्यांनी तीच माणसे भेटणे आवडते त्याला हा आरोप कळणारही नाही.

खरा धोका दुसरीकडून येतो आहे. कोविडनंतर बऱ्याच हायजिनिस्ट कामावर परतल्या नाहीत, तुटवडा पडला, दर चढले. मालक-डेंटिस्टांनी त्यावर उपाय शोधला तो पगारवाढीपलीकडचा : हे काम कमी शिकलेल्यांना करू द्या. कॅन्सस राज्यात प्रशिक्षित सहायकांना हिरडीच्या वरचे कीटण काढण्याची मुभा 1990 च्या दशकापासून आहेच. आता इतर राज्येही त्या वाटेने निघाली आहेत. परदेशात डेंटिस्ट झालेल्यांना हायजिनिस्टचा परवाना द्यावा अशी भूमिका 2024 मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननेही घेतली. हायजिनिस्टांच्या संघटनेचा याला विरोध आहे आणि तो निव्वळ स्वार्थाचा नाही, कारण हिरडीच्या वरचे काढून खालचे तसेच ठेवले तर दात चकचकीत दिसतात आणि आजार आत चालू राहतो. पण गंमत अशी की डेंटिस्ट शंभर वर्षे हायजिनिस्टविरुद्ध जो युक्तिवाद करत आले, तोच आता हायजिनिस्ट सहायकांविरुद्ध करतात.

परदेशी डेंटिस्टांचा हा उल्लेख आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. पुण्या-मुंबईत, नागपुरात बीडीएस होऊन नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेला गेलेल्या मुली कितीतरी आहेत. तिथे डेंटिस्ट म्हणून काम करायचे तर राष्ट्रीय परीक्षा देऊन पुन्हा दोन-तीन वर्षांचा डेंटल स्कूलचा अभ्यासक्रम करावा लागतो, त्याची फी लाखाहून अधिक डॉलर. शिवाय जोडीदाराला मिळणाऱ्या एच-4 व्हिसावर असेल तर कामाचा परवाना नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा अर्ज एका टप्प्यापर्यंत गेल्याशिवाय मिळत नाही. फ्लोरिडासारखे राज्य परदेशी दंतवैद्यकाच्या पदवीवर ठरावीक परीक्षा देऊन हायजिनिस्टचा परवाना घेऊ देते. घरचे म्हणतात, डॉक्टर होऊन दात घासायला जाणार? हा विचार मानाचा आहे, हिशेबाचा नाही. पाच वर्षे शिकलेले हात रिकामे ठेवून बसण्यापेक्षा ताशी पंचेचाळीस डॉलरचे काम करत पुढच्या प्रवेशाची तयारी करणे केव्हाही बरे. मात्र हे दार कायम उघडे राहील असे धरू नये. इंग्लंडमध्ये भारतीय डेंटिस्ट आपल्या पदवीवर हायजिनिस्ट किंवा डेंटल थेरपिस्ट म्हणून नोंदणी करत आणि काम करता करता तिथल्या परीक्षेच्या प्रतीक्षेत राहत. मार्च 2023 मध्ये ती सोय बंद झाली.

आणि महाराष्ट्रात? कायद्यात हायजिनिस्ट आपल्याकडे 1948 पासून आहे. त्या वर्षीच्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये दात खरवडणारा, साफ व चकचकीत करणारा किंवा दातांच्या स्वच्छतेचे शिक्षण देणारा अशी त्याची व्याख्याच दिली आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे. पण अमेरिकेत साधारण दोन लाख डेंटिस्टांमागे तेवढेच, किंबहुना थोडे जास्तच हायजिनिस्ट आहेत, तर भारतातल्या तीन लाखांवर नोंदणीकृत डेंटिस्टांपुढे इथल्या हायजिनिस्टांची संख्या पासंगालाही पुरत नाही. कारण सरळ आहे. देशात तीनशेहून अधिक डेंटल कॉलेजे दरवर्षी हजारो बीडीएस बाहेर काढतात, आणि त्यातले बरेच जण शहरांत तुटपुंज्या पगारावर दुसऱ्याच्या दवाखान्यात राबतात. सगळे काम करू शकणारा डेंटिस्ट स्वस्तात मिळत असताना फक्त साफसफाई करणारा माणूस कोण ठेवील? त्यात रुग्ण येतो तो दाढ ठणकल्यावर. साफसफाईचे पैसे भरणारा विमा नाही, आणि सहा महिन्यांनी परत बोलावले तर त्याला डॉक्टरची लबाडी वाटते.

गरज नाही असे मात्र कुणी म्हणू नये. गावाकडच्या बायका मिश्रीने दात घासतात आणि हिरड्यांशी तंबाखू धरून ठेवतात. गुटख्यावर 2012 मध्ये बंदी येऊनही पुड्या मिळतात त्या मिळतातच. देशात मधुमेही दहा कोटींच्या घरात आहेत. जिभेच्या कडेचा पांढरा चट्टा वेळीच पाहणारा, शाळेत जाऊन मुलांना दात घासायला शिकवणारा, आशाताईंबरोबर घरोघर फिरणारा हायजिनिस्ट जिल्ह्या-जिल्ह्यात हवा आहे. पण ते पद सरकारने निर्माण केले आणि त्याचा पगार सरकारने दिला तरच तो उभा राहील. खासगी दवाखाना त्याला कधीच उभे करणार नाही. 2023 मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नॅशनल डेंटल कमिशनचा कायदा केला. ही पदे आणण्याची संधी त्यात होती आणि अजूनही आहे.

तोवर माझा सल्ला देशागणिक वेगळा राहील. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड किंवा नेदरलँड्समध्ये वाढलेल्या मराठी मुलामुलींनी हायजिनिस्टचा विचार पहिल्या पसंतीचा म्हणून करावा, आधी आपल्या राज्याचा किंवा देशाचा परवान्याचा नियम वाचून. इथेच राहून दातांचे काम करायचे असेल तर दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला जाऊ नये, बीडीएसच करावे, आणि तेही सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजात जागा मिळत असेल तर. लाखोंची फी भरून खासगी जागा घेण्याआधी आपल्या शहरातल्या चार तरुण डेंटिस्टांना त्यांचा पगार विचारून यावे.